राजाला सिंहासनावर बसवेना

तीर्थस्वरूप दादांना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात तो उभ्याउभ्याच घातला आहे. भावना मात्र पूर्ण आडवी आहे, हे ध्यानात घ्यावं.) वहिनींचा खोकला गेला असेल, मुलांच्या परीक्षा मुलांपेक्षा तुम्हालाच जास्त जड गेल्या असतील आणि तुमच्या दवाखान्यात लोक नेहमीच्याच उत्साहाने हातपाय मोडून येत असतील, अशी आशा आहे. (ही शेवटची आशा करायला नको होती, हे लिहून झाल्यावर लक्षात आलं, पण पत्र शाईने लिहितो आहे आणि पहिल्याच पानावर खाडाखोड बरी दिसत नाही.)

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. एवढं साधं वाक्य लिहायला मला दोन महिने थांबावं लागलं. दर रविवारी तुम्ही फोनवर बाबांची चौकशी करत होतात, तुमची बहीण "बरे आहेत" म्हणून फोन माझ्या हातात कोंबत होती, आणि मी तुमच्याशी हवामानावर बोलत होतो. एवढं हवामान मी उभ्या आयुष्यात कुणाशी बोललो नाही. त्यामागे घरात काय शिजत होतं, ते आता सांगायला हरकत नाही, कारण शेवट गोड झाला आहे. मात्र नीट कळायचं तर आधी माझ्या धंद्याबद्दल दोन शब्द सांगावे लागतील.

लग्न ठरताना तुम्ही मला विचारलं होतं, की म्हणजे तुम्ही नेमकं करता काय? तेव्हा मी घाबरून "शिकवतो" एवढंच म्हणालो होतो. आज सविस्तर उत्तर देतो. जुन्या फारसी महाकाव्यांत जे राजे आहेत, त्यांच्या मनात काय चाललं असावं, ते मी शोधतो. हे वाटतं तितकं सोपं नाही, कारण कवी राजाच्या मनातलं काही म्हणजे काही सांगत नाही. वजीर सल्ला देतो, आणि पुढच्या ओळीत राजाचा चेहरा पिवळा पडतो. दूत निरोप सांगतो, आणि राजा ओठ चावतो. संपलं. चेहरा का पिवळा पडला, ओठ कशापायी चावला, हे आम्हा विद्वानांवर सोडून कवी लढाईकडे वळतो. (हत्ती, घोडे, धूळ. धुळीला पानभर जागा, मनाला अर्धी ओळ.) त्या अर्ध्या ओळीवर माझा पगार चालतो. माझ्या प्रबंधात मी या राजांचे स्वभाव लावून ठेवले आहेत. एक संशयी राजा, ज्याला पोटच्या पोराची सावलीसुद्धा नको. एक रुसका राजा, ज्याची अख्ख्या दरबाराने मनधरणी करत बसायचं. आणि माझा सगळ्यांत लाडका, ज्याला मी खासगीत उठबशा राजा म्हणतो. हा ऐन मसलत रंगात आली असताना सिंहासनावरून तीनदा उठतो आणि तीनदा बसतो. कवी कारण देत नाही. मी मात्र त्या तीन उठण्यांवर साठ पानं लिहिली आहेत आणि सिद्ध केलं आहे की ही सत्ता निसटण्याची भीती आहे. (सिद्ध केलं हे माझं म्हणणं आहे. परीक्षकांनी ते खोडलं नाही, म्हणजे त्यांचंही असावं.)

आता बाबांच्या कारखान्याची रीत. तुम्ही ती लहानपणापासून पाहिली आहे, पण हाडांच्या नादी लागून तुम्ही घर सोडलंत त्याला बरीच वर्षं झाली, तेव्हा उजळणी करतो. खुर्ची जोडून झाली, पॉलिश वाळलं, की ती बाबांच्या खोलीत जाते. बाबा तिच्यावर बसतात. चहा येतो. कप संपेपर्यंत ते खिडकीबाहेर बघतात आणि चकार शब्द काढत नाहीत. कप संपला की दोनच गोष्टी होऊ शकतात. रिकामा कप खुर्चीच्या हातावर ठेवून काही न बोलता उठले, तर खुर्ची पास. "पुन्हा" म्हणाले, तर नापास. का नापास ते सांगायचं नाही; करणाऱ्याने शोधायचं. बाबा बसल्याशिवाय या कारखान्यातून एकही खुर्ची आजवर बाहेर गेलेली नाही.

या वर्षी नव्या वाचनालयाच्या खुर्च्यांचं काम आलं, आणि बाबांनी पहिल्यांदाच नमुना तुमच्या बहिणीला करू दिला. आजवर तिने बाबांच्याच नमुन्यांवर हात चालवला. ही खुर्ची तिची स्वतःची. पाठ किंचित मागे कललेली, हात आखूड म्हणजे टेबलाखाली सरकतील, आणि पुस्तक मांडीवर घेऊन बसणाऱ्याला कोपर टेकायला जागा. कितीतरी दिवस ती कागदावर रेघा मारत होती आणि जेवताना माझी पाठ मोजत होती. (माझ्या पाठीकडे तिने इतक्या प्रेमाने यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं.) अखेर पहिली खुर्ची बाबांच्या खोलीत गेली. बाबा बसले. त्या दिवशी त्यांनी चहाला नेहमीपेक्षा बराच वेळ लावला. आम्ही सगळे दाराबाहेर कान लावून. मग आतून आवाज आला, "पुन्हा."

तिने खुर्ची उकलली, सांधे तपासले, फळ्या घासून पाहिल्या. काही सापडेना. तशीच जोडून दुसऱ्या दिवशी आत पाठवली. पुन्हा. दुसरी केली, तिसरी केली. पुन्हा, पुन्हा. आपले पॉलिशवाले काका त्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, आपल्याला तर डुलकी लागते बुवा. (काकांच्या तोंडून एवढी स्तुती मी त्यांच्या सख्ख्या जावयाचीही ऐकलेली नाही.) पण बाबांचं पालुपद सुटेना. मागची खोली नापास खुर्च्यांनी भरत चालली. वाचनालयाच्या चिटणीसबाई येऊन दारातून डोकावून गेल्या, आणि जाता जाता अगदी सहज म्हणाल्या की प्लास्टिकच्या खुर्च्या म्हणे आजकाल दोन दिवसांत मिळतात. त्या संध्याकाळी तुमच्या बहिणीने आपला रंधा पुसला, कपाटात ठेवला, आणि मला म्हणाली, "मला जमत नाहीये, एवढंच ना? मग तसं एकदा तोंडाने सांगावं की त्यांनी." दादा, ही बाई अंगठ्यात ढलपी घुसली तरी हूं की चूं करत नाही. तिचा तो चेहरा मला बघवेना. मी ठरवलं, इतकी वर्षं राजांची मनं वाचली ती काय फक्त पगारासाठी? एक राजा घरात आहे, त्याचं मन वाचून दाखवतोच.

आणि निरीक्षण सुरू करतो तो काय, लक्षणंच लक्षणं! बाबा उभ्याने जेवायला लागले होते. संध्याकाळी आम्ही सगळे बसलेलो आणि ते खिडकीपाशी उभे. कुणी नुसतं "बसा ना" म्हटलं तरी वस्सकन अंगावर येत. पूर्वी चहा निवांत व्हायचा. आता खुर्चीवर टेकल्यासारखं करून दोन घोटांत कप रिकामा, "पुन्हा", आणि ताडकन उभे. मला तर आनंदाने दोन रात्री झोप लागली नाही. सगळे बसले असताना जो उभा राहतो तो कुणाकडेही पाठ करायला तयार नाही, हे माझ्याच तिसऱ्या प्रकरणातलं वाक्य आहे. हा तर साक्षात संशयी राजा! लेक आपल्यापेक्षा वरचढ निघाली, आता सिंहासन जाणार, हे भय. निदान झालं.

संशयी राजाला थेट सल्ला द्यायचा नसतो. काव्यातले शहाणे वजीर त्याला गोष्ट सांगतात आणि राजा त्यातून आपलं आपण समजतो. म्हणून कारखाना बंद झाला की मी रोज बाबांना गोष्ट सांगू लागलो. एक होता राजा, त्याची होती एक हुशार लेक. बाबा उभे राहून ऐकत, म्हणून मीही उभा. (सासरे उभे असताना जावयाने बसायचं म्हणजे काय? कंबर कशी धरली ते आता कळलं असेल.) पण बाबांना लेकीत रस नव्हता. राजाचं सिंहासन कशाचं होतं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. मी हस्तिदंताचं म्हटलं. ते म्हणाले, हस्तिदंत भार घेत नाही, आत लाकूड असणारच. तिथून आमचं जे सिंहासनाच्या पायांवर गेलं, ते लेकीपर्यंत परत आलंच नाही. मग एकदा त्यांनी गादीचं विचारलं. सिंहासनावर गादी असायची का, किती जाड, आणि आत कापूस की पिसं? हे त्यांनी इतक्या कळकळीने विचारलं की मी गहिवरलो. ऐश्वर्याची आसक्ती! वृद्ध राजांत ही फार आढळते.

गोष्टींनी गुण येईना, तेव्हा मी निदान बदललं. (विद्वानाने हट्टी असू नये.) हा संशयी नव्हे, रुसका राजा. आपल्याला न विचारता लेकीने नमुना केला, याचा हा रुसवा. यावर उपाय एकच: दरबार भरवायचा, सगळ्यांनी गोळा व्हायचं, आणि राजाच्या थोरवीचं असं वर्णन करायचं की त्याने विरघळलंच पाहिजे. एका दुपारी मी काम थांबवलं, सगळ्या कारखान्याला अर्धवर्तुळात उभं केलं, मधोमध तुमच्या बहिणीची एक खुर्ची मांडली आणि बाबांना हाताला धरून आणलं. ते बसेनात. मला वाटलं, विनय. मग मी आणि पॉलिशवाल्या काकांनी एकेक खांदा धरून त्यांना प्रेमाने खाली दाबलं. (या दाबण्याची आठवण झाली की मी अजूनही डोळे मिटून घेतो.)

भाषण मी आटोपशीरच लिहिलं होतं. पण बाबांकडे बघत बोलायला लागलो आणि मला चेव आला. दादा, जन्मभर जे ओळींत वाचलं, ते माझ्यासमोर हाताच्या अंतरावर घडत होतं! राजाचा चेहरा पिवळा पडला. राजाने ओठ चावला. मी कर्तृत्व म्हटलं की ते डावीकडे कलत, परंपरा म्हटलं की उजवीकडे. मी दोन्ही शब्द वाढवले. राजाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी आवाज चढवला. ते अर्धवट उठले; मी नम्रपणे बसवलं. ते पुन्हा उठले, काकांनी बसवलं. ते तिसऱ्यांदा उठले, आणि आम्ही दोघांनी मिळून, चांगला जोर लावून, बसवलं. त्यासरशी बाबांनी अशी आरोळी ठोकली की मागची करवत बंद पडली आणि शेजारच्या दुकानदाराने घाबरून शटर ओढून घेतलं. आणि बाबांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही समाधान पसरलं की काय सांगू! त्या फारसी काव्यांत राजाच्या अंगी एक तेज असतं. ते गेलं की राज्य जातं, ते परतलं की दिवस पालटतात. ते तेज परतताना मी या डोळ्यांनी पाहिलं. मी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या. फक्त तुमची बहीण झटकन पुढे झाली, कुणाला काही दिसू नये अशी बाबांच्या पाठीशी उभी राहिली, आणि हळूच म्हणाली, "बाबा, कधीपासून आहे हे?"

गळू होतं, दादा. चांगलं लिंबाएवढं, आणि नेमकं बसायच्या जागी. मी मनाचा तळ शोधत होतो आणि दुखणं भलत्याच तळाशी होतं. डॉक्टरांनी साफ केलं, पट्टी बांधली, औषधं दिली आणि आम्हाला झाडलं. बाबांनी ते कुणालाच कळू दिलं नव्हतं. खुर्च्या करणाऱ्यालाच बसता येत नाही, हे बाहेर कळलं तर लोक काय म्हणतील, हे एक. आणि दुसरं म्हणजे तुम्हाला कळलं तर तुम्ही पहिल्या गाडीने येऊन त्यांना पालथं घालाल, अशी त्यांना खात्री होती. (खात्री चुकीची नव्हती, हे तुम्हीही कबूल कराल.)

पट्टी सुटली त्या सकाळी बाबांनी सगळ्या नापास खुर्च्या परत मागवल्या. दिवसभर एकेकीवर बसत गेले. चहाची पातेली चढत-उतरत होती. कप हातावर ठेवायचा, उठायचं, पुढची. सगळ्या पास! एक "पुन्हा" नाही. तुमची बहीण दारात उभी राहून हसतही होती आणि नाकही पुसत होती. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी खुर्च्या गाडीत चढल्या. कंबरेमुळे उचलायला मी नव्हतो, म्हणून मोजणी माझ्याकडे होती. उद्घाटनाला चिटणीसबाई आमच्या खुर्चीवर अशा काही विसावल्या की आभार मानायला त्यांना दोनदा हाक मारावी लागली. घरी इतकी मजा चालली आहे म्हणून सांगू! रंधा कपाटातून बाहेर आला आहे, बाबा बसून जेवतात, काका मला भेटेल तिथे भाषण करायचा आग्रह करतात.

आता एकच लहानशी गोष्ट. परवा हात धुताना तुमची बहीण म्हणाली की पास केल्या हे खरं, पण चांगल्या झाल्या असं काही ते म्हणाले नाहीत हो. मी तिची समजूत घातली की यात आता मन शोधू नये. गळू होतं म्हणून नापास, गळू गेलं म्हणून पास. विषय संपला. मनं वाचण्याचा नाद मी सोडून दिला आहे, आणि तेव्हापासून मला भूकही चांगली लागते.

वहिनींना नमस्कार, मुलांना माझ्याकडून एकेक पापा (मोठ्याला आवडत नसेल तर पाठीवर थाप). लोभ आहेच, तो असाच वापरात ठेवावा.

तुमचा,
बहिणीकडून लागणारा भाऊ

ता. क. : मुख्य गोष्ट राहिलीच. पुढच्या महिन्यात तुमच्याच शहरात आमच्या विषयाची परिषद आहे आणि मला उठबशा राजावर निबंध वाचायचा आहे. साठ पानं रद्द केली आहेत. नवा सिद्धांत असा की त्या राजाला सत्तेची भीती वगैरे काही नव्हती, त्याला बसवत नव्हतं. मात्र विद्वानांसमोर नुसतं माझं म्हणणं चालणार नाही. तेव्हा माणूस एका बैठकीत तीनदा उठतो तो कोणकोणत्या दुखण्यांत, असं तुमच्या दवाखान्याच्या कागदावर, सहीशिक्क्यानिशी लिहून मिळालं तर फार उपकार होतील. रोगी तपासायला आणता येणार नाही, तो वारून बरीच शतकं झाली. परिषदेच्या निमित्ताने आठवडाभर तुमच्याकडेच उतरेन. वहिनींना तुम्हीच सांगा, पण खोकला गेल्यावर.

ता. क. २ : गळवाचं तुम्हाला कळवणार नाही, असं वचन मी बाबांना दिलं आहे. तेव्हा तुम्हाला काहीच माहीत नाही. पत्र टपालात टाकायला बाबांकडेच देतो आहे, कारण माझ्याने जिना उतरवत नाही. ते दुसऱ्याचं पत्र उघडून वाचणाऱ्यांतले नाहीत, एवढी माणसाची पारख मला नक्कीच आहे.

ता. क. ३ : चिरंजीवास, पाकीट चिकटवलेलं नव्हतं, त्यामुळे उघडण्याचा प्रश्न आला नाही. खाली जागा उरली आहे ती वाया जाऊ नये म्हणून लिहितो. तुम्ही सगळे सुखात राहा. गळवाचं खरं आहे. आता बरं आहे. येण्याची गरज नाही. आलास तर चालेल.

जावयांनी एक मात्र उलटंपालटं लिहिलं आहे. पहिली खुर्ची आत आली तेव्हा गळू नव्हतं. मी ठणठणीत होतो. बसलो, चहा घेतला, आणि उठावंसंच वाटेना. पाठ जिथे टेकायला जावी, तिथे लाकूड आधीच येऊन थांबलेलं. इतक्या खुर्च्या केल्या, मला अशी एकही साधली नाही. पास म्हटलं असतं तर लगेच बांधून ठेवली असती. नापास म्हटलं की दुसऱ्या दिवशी परत येते आणि पुन्हा बसायला मिळतं. म्हणून पुन्हा म्हणत गेलो. मग काय, दारं लावून तासन्‌तास बसायला लागलो. गळू त्यानेच झालं, असं डॉक्टर म्हणाले. ती आपल्या हाताला दोष देत बसेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. यायला हवं होतं.

वाचनालयाला एक खुर्ची कमी गेली आहे. ती माझ्या खोलीत आहे. मोजणी जावयांची होती, त्यामुळे कुणाला कळलेलं नाही.

खुर्ची फार चांगली झाली आहे, हे तिला सांगायचं राहिलं आहे. मला ते तोंडाने बोलता येत नाही, आणि जावयांवर सोपवलं तर ते सगळ्यांना गोळा करतील. तेव्हा तू सांग. रविवारी फोन करशील तेव्हा तिने तो जावयांच्या हातात द्यायच्या आधीच सांग. मी तिथेच असेन, ऐकू येईल इतक्या जवळ.